घरांची आपसी बदली

"सर, तुमच्या कंपनीतला माणूस रोज तीन तास रस्त्यावर असतो. तर तो नक्की कामाला कुठे आहे, तुमच्याकडे की रस्त्याकडे?"

शाळेच्या हॉलमध्ये दहावीच्या तिन्ही तुकड्या एकदम गप्प झाल्या. हे पाच वर्षांत एकाही शिक्षकाला जमलं नव्हतं. प्रश्न विचारणारी हर्षाली बोरस्ते मात्र ताठ उभी होती, आणि शेजारी बसलेल्या पल्लवी आणि सृष्टी बाकाखाली वाकून वही शोधत असल्याचं नाटक करत होत्या. पैज त्यांचीच होती. "पाहुण्यांना विचारून दाखव, भेळभत्ता आमच्याकडून." वर्षापूर्वीपर्यंत हर्षाली हजेरीला इतक्या हळू आवाजात 'यस मॅडम' म्हणायची की दोनदा तिची चक्क गैरहजेरी लागली होती. पण या जूनमध्ये वक्तृत्व स्पर्धेत तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं (स्पर्धक चारच होते, पण त्यात शिरायला नको) आणि तिचा आवाज जो सुटला तो सुटलाच.

करिअर मार्गदर्शनाला आलेले पाहुणे कुठल्याशा मोठ्या कंपनीतले मोठे साहेब होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "व्हेरी गुड क्वेश्चन." उत्तर नसलं की मोठी माणसं असंच म्हणतात. मग त्यांना उत्तर सुचलं. "बेटा, सोपं आहे. कामगाराने कंपनीजवळ राहायला यावं."

"मग मी ते करून दाखवते," हर्षाली म्हणाली.

हे पैजेत नव्हतं. पण बोलून झालं होतं, टाळ्या पडल्या होत्या, आणि वर्गशिक्षिका मॅडमनी डायरीत 'हर्षाली, प्रकल्प, एका महिन्यात सादर' असं लिहूनसुद्धा टाकलं होतं.

आता ते तीन तास काही हर्षालीने हवेतून आणले नव्हते. (खरं तर अडीचच, पण भाषणात तीन बरे वाटतात.) ते अडीच तास तिच्या घरी रोज संध्याकाळी हेल्मेट काढून सोफ्यावर बसायचे आणि चहा यायच्या आत झोपायचे. तिचे पप्पा समाधान बोरस्ते, राहणार जेलरोड, नाशिकरोड, आणि कामाला पार सातपूरच्या कारखान्यात, मशीनवर. एका बाजूचे पंधरा किलोमीटर आणि मध्ये द्वारका चौक. द्वारकेच्या गर्दीबद्दल नाशिकच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही.

मागच्या महिन्यात संध्याकाळी परत येताना पप्पांना मोटरसायकलवरच डुलकी लागली आणि ते गाडीसकट कोथिंबिरीच्या हातगाडीत शिरले. कोथिंबीर होती म्हणून लागलं नाही. पण तेव्हापासून आई कोथिंबीर निवडायला बसली की रडायला लागायची, आणि बोरस्त्यांच्या घरात कोथिंबीर लागते रोज. शेवटी पप्पांनी ठरवलं की एक तारखेपासून कंपनीजवळच्या एका खोलीत कॉट घ्यायची. एका खोलीत सहा कॉट, सहा कामगार, घरी फक्त रविवारी.

'रविवारचे पप्पा.' हर्षालीने हे दोन शब्द मनात म्हणून पाहिले आणि तिला ते अजिबात आवडले नाहीत. एक तारखेला बावीस दिवस उरले होते.

मार्ग तिला घरातच सापडला. तिची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नऊ वर्षं तिने पेठ तालुक्यात काढली आणि मग तिची सुटका केली ती आपसी बदलीने. म्हणजे पेठला कंटाळलेल्या एका शिक्षिकेने सिन्नर तालुक्यात आपली जोडी शोधायची, दोघींनी मिळून अर्ज करायचा, ही तिच्या शाळेत आणि ती हिच्या शाळेत. कुणाचंच काही अडत नाही. आता आई जेलरोडहून वीस मिनिटांत शाळेत पोहोचायची, आणि तिच्या मते जगातल्या कुठल्याही लांब गोष्टीवर औषध एकच, आपसी बदली.

"आई, नोकऱ्यांची होते तशी घरांची का नाही होत?" हर्षालीने विचारलं.

आईने वह्या तपासता तपासता मान वर केली. खरं म्हणजे तिने 'काहीतरीच काय' म्हणायला हवं होतं. पण ती म्हणाली, "नियम नाहीये तसा." आणि मग पुढची वही ओढत, "पण नाही म्हणणारा नियमही नाहीये."

झालं. दुसऱ्या दिवशी पप्पांच्या कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर कागद लागला: 'आपसी बदली (घर). सध्या राहणार: जेलरोड, दोन खोल्या-किचन, तिसरा मजला. पाणी पहाटे. हवे: सातपूर परिसर. घरच्यांना विचारून मगच फोन करणे.' पप्पांना हा कागद टपरीवर सगळ्यांदेखत मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. ते चहा अर्धा टाकून आत गेले.

फोन तीन आले. पहिल्याला घराबरोबर पार्किंगही बदलून हवं होतं. दुसऱ्याला घर नकोच होतं, त्याला फक्त कागदावरचं अक्षर कुणाचं ते विचारायचं होतं, कारण त्याला मुलाच्या लग्नाचे बोर्ड रंगवून घ्यायचे होते. तिसरा फोन राजू भोये यांचा.

राजूकाका सातपूरच्या अशोकनगरात बैठ्या घरात राहायचे आणि कामाला होते नाशिकरोडच्याही पुढे शिंद्याला. कंपनीने ठरवलेल्या गाडीने जायचे. पण त्यांना गाडी लागायची. रोज. द्वारकेच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा. खिशात लिंबू, हातात पिशवी, असं त्यांनी चार वर्षं काढलं होतं.

"ताई, घर कसलं बी चालंल," ते फोनवर म्हणाले, "फक्त रस्ता कमी पायजे."

दोन्ही घरांची बैठक बोरस्त्यांच्या हॉलमध्ये झाली. राजूकाका, त्यांची बायको सिंधूकाकू, आणि त्यांची आई बायडाबाई. बायडाबाई मूळच्या पेठकडच्या, आणि आईने पेठ म्हणताच त्यांनी आईला एवढ्या प्रेमाने जवळ घेतलं की करार अर्धा तिथेच झाला. ठरलं ते असं: आधी आठ दिवस करून पाहायचं. भांडीकुंडी जागेवर, फक्त माणसं आणि कपडे हलवायचे. पप्पांना आता कंपनीत चालत जाता येणार, म्हणून त्यांची मोटरसायकल राजूकाकांनी वापरायची.

"पण रीतसर," आई म्हणाली. "चार्ज दिल्या-घेतल्याशिवाय मी कुठली जागा सोडत नाही."

शाळेचा चार्ज देताना जशी खुर्च्या, घंटा आणि पृथ्वीचा गोल यांची यादी होते, तशी आईने घराची केली. 'पोळपाट एक. लाटणे एक, किंचित वाकडे. पंखे तीन, पैकी एक आवाज करतो, दुर्लक्ष करावे. कुकर दोन, मोठ्याची शिट्टी हाताने उचलावी.' चार पानं भरली. खाली 'देणार' आणि 'घेणार' अशा सह्या. सिंधूकाकूंनी ती यादी वाचली आणि त्यांना आपल्या घराची लाज वाटू लागली. त्यांनीही मग एक पान लिहून आणलं. त्यात शेवटी होतं: 'कोंबड्या तीन. एक चावते.'

"यादीत जिवंत वस्तू येत नाही," आई म्हणाली.

"मग मेल्या तर कुणाला इचारायचं?" बायडाबाई म्हणाल्या.

आईने गुपचूप कोंबड्या लिहून घेतल्या.

इथवर सगळं छान चाललं होतं, आणि म्हणूनच निवृत्तीआप्पा आले. निवृत्तीआप्पा अपार्टमेंटचे सेक्रेटरी. कोर्टात कारकून म्हणून निवृत्त झाल्याला दहा वर्षं झाली होती, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. ते म्हणाले, "ना हरकत लागेल."

"कुणाची?" पप्पांनी विचारलं.

"माझी. पण ती मी पोलिसांचा शेरा पाहिल्याशिवाय देत नसतो."

सल्ले एकट्या आप्पांनीच दिले असंही नाही. तळमजल्यावरचे इस्त्रीवाले सहादूमामा म्हणाले, दुसऱ्याच्या घरात गेल्यावर पहिल्या दिवशी दूध उतू घालायचं, नाहीतर ते घर आपल्याला ओळखत नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, दूध उतू घातलं तर ते घर कायमचं आपलं होतं आणि मग कोर्टकचेरी. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी अशोकनगरच्या घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते विचारलं, हर्षालीने 'रस्त्याला' म्हटलं, आणि त्यांनी अशी मान हलवली की जणू बोरस्ते कुटुंब त्यांना परत दिसणारच नव्हतं.

पोलीस ठाण्यात हर्षाली आणि पप्पा गेले. हवालदारांनी भाडेकरूंचा फॉर्म पाहिला. मग उलटा करून पाहिला.

"भाडं किती?"

"नाहीये," पप्पा म्हणाले.

"भाडं नाही तर भाडेकरू कसे?"

"पाहुणे आहेत," हर्षाली म्हणाली.

"पाहुण्यांची नोंद इथे होत नाही, ताई. आणि पाहुणे आले की घरचे घरात असतात."

"घरचे त्यांच्याकडे पाहुणे आहेत ना!"

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमच्याकडे पाहुणे आले, म्हणून तुम्ही त्यांच्याकडे पाहुणे गेलात?"

"हो."

"भांडण वगैरे आहे का काही?"

"छे हो, मुळीच नाही."

"मग आमच्याकडे कशाला आलात?"

यावर वक्तृत्वात उत्तेजनार्थ मिळवलेल्या मुलीने फॉर्म नुसताच त्यांच्यापुढे सरकवला. शेवटी हवालदारांनी दया येऊन कागदावर 'पाहिले' एवढाच शेरा मारला. काय पाहिलं ते लिहिलं नाही. निवृत्तीआप्पांना मात्र तो शेरा फार आवडला. असल्या शेऱ्यांवरच त्यांची सगळी नोकरी पार पडली होती.

रविवारी बदली झाली. दूध ठेवलं गेलं, पण सहादूमामांचं ऐकायचं की काकूंचं यावर आई आणि पप्पा चर्चा करत राहिले आणि तेवढ्यात ते उतू गेलं. म्हणजे प्रश्न आपोआप सुटला.

सोमवारी पप्पा सवयीने साडेसातला घराबाहेर पडले आणि सात मिनिटांत कंपनीच्या गेटवर होते. शिफ्ट नऊची. वॉचमन धावत आला. "बोरस्ते, कुणी गेलं का?" पप्पा म्हणाले, "नाही रे, मीच आलो." त्या दिवशी त्यांनी दोन चहा पिऊन पेपरमधली शब्दकोडीसुद्धा सोडवली आणि संध्याकाळी पावणेसहाला ते घरात होते. टक्क जागे. हर्षालीने त्यांना इतकं जागं वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला चक्क विचारलं, "शाळेत काय चाललंय?" आणि उत्तर संपेपर्यंत डोळे उघडे ठेवले.

हर्षाली त्या रात्री प्रकल्पाच्या वहीवर मोठ्या अक्षरात 'यशस्वी' लिहून झोपली. खाली दोन रेघाही मारल्या.

तिच्या योजनेत चूक एकच होती, पण ती स्कूटर चालवत होती. ती म्हणजे आई. दोन घरांची अदलाबदल करताना हर्षालीने असं धरलं होतं की घरातून कामाला एकच माणूस जातो, आणि त्याला मिशी असते. आई रोज सिन्नर तालुक्यातल्या शाळेत जाते, हर्षाली स्वतः जेलरोडच्या शाळेत जाते, सिंधूकाकू सातपूरच्या पॅकिंगच्या कारखान्यात जातात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. फक्त कागद लावताना आठवलं नव्हतं. आता आई आणि हर्षाली सकाळी स्कूटरवर अशोकनगरहून नाशिकरोडकडे निघायच्या, आणि त्याच वेळी सिंधूकाकू जेलरोडहून सातपूरकडे. दोन्ही स्कूटर रोज साडेनऊला द्वारकेला समोरासमोर अडकायच्या, मध्ये फक्त दुभाजक.

"मॅडम!" सिंधूकाकू पलीकडून ओरडायच्या. "तुमच्या मिक्सरचं बटण कोणत्या बाजूला फिरवायचं?"

"डावीकडे! कोंबड्यांना आज काय घालू?"

"कालची भाकर! चावती तिला लांबून!"

"माझा निळा गाऊन खुंटीवर राहिलाय!"

"वाळत घातलाय मॅडम, काल मीच घातला होता!"

मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचा थांबून ऐकायला लागला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, काल ते मिक्सरचं जमलं का त्यांना?"

हर्षाली रोज शाळेत दुसऱ्या तासाला पोहोचायची. बुधवारी मॅडमनी विचारलं, "हर्षाली, उशीर का?" आणि सबंध वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "कंपनीजवळ राहायला गेलीय!" गुरुवारी तिच्या दप्तरातून कंपासबरोबर कोंबडीचं पीस निघालं.

"ए हर्षे," पल्लवी म्हणाली, "भेळभत्त्यात अंडं घालायचं का गं?"

तो भेळभत्ता त्या दोघींनी पैजेच्या दिवशीच आणला होता आणि अर्ध्याहून जास्त त्यांनीच खाल्ला होता. हर्षालीने ही गोष्ट आजवर कुणाला बोलून दाखवली नव्हती. त्या दिवशी दाखवली.

आणि पप्पा? पप्पांचं सुख सोमवारी सुरू झालं आणि मंगळवारी संपलं. मंगळवारी संध्याकाळी ते जेवायला बसले आणि सुपरवायझरचा फोन आला. "बोरस्ते, तुम्ही आता इथेच राहता ना? मशीन अडलंय, दोन मिनिटं या." दोन मिनिटांचे दोन तास झाले. बुधवारी दोनदा बोलावलं. गुरुवारी सुपरवायझरने फोनसुद्धा केला नाही, सरळ दारात येऊन उभा राहिला आणि चावणाऱ्या कोंबडीने त्याला चावलं. बोरस्ते कुटुंबाचं तिच्याशी त्या दिवसापासून बरं जमू लागलं. पण पप्पा जेलरोडला असताना संध्याकाळी जितके घरात असायचे, तितकेही आता नसायचे. फरक एवढाच की आता ते जागेपणी नसायचे.

जेलरोडहून आप्पांचे फोन वेगळेच. मंगळवारी: "हर्षाली, तुमच्या पाहुण्या मला 'ए पोरा' म्हणतात. मी अडुसष्ट वर्षांचा आहे."

"आजी सगळ्यांनाच म्हणतात, आप्पा."

बुधवारी: "त्यांनी माझ्याकडून जिना झाडून घेतला." गुरुवारी एकदम हळू आवाजात: "त्या नागलीची भाकरी फार चांगली करतात. सहज सांगतोय. ना हरकत वाढवून हवी असेल तर मी देऊ शकतो."

राजूकाका तेवढे खूश होते. दोन्ही वेळचं जेवण पोटात राहत होतं. वजन वाढलं होतं.

शुक्रवारी हर्षालीने वही उघडून मिनिटं मांडली. आधी पप्पा दीडशे, आई चाळीस, ती स्वतः दहा. म्हणजे दोनशे. आता पप्पा चौदा, अधिक सुपरवायझरकडच्या चकरा. आई एकशे सत्तर. ती स्वतः एकशे तीस. तीनशेच्या वर. भोयांच्या घरात राजूकाकांची मिनिटं जेवढी कमी झाली, त्याहून जास्त सिंधूकाकूंची वाढली होती. तिने बेरीज दोनदा केली. तिसऱ्यांदा वजाबाकी करून पाहिली, पण बरोबर दिसेना. दोन रेघा मारलेल्या 'यशस्वी'च्या आधी तिने अगदी बारीक अक्षरात 'अ' लिहिला. एक तारीख तीन दिवसांवर आली होती.

शनिवारी सकाळी द्वारकेला सिंधूकाकूंनी हेल्मेटची काच वर केली. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "पुरे."

"पुरे," आई म्हणाली.

आणि सिग्नल सुटला. एवढ्या मोठ्या योजनेचा शेवट एवढ्या दोन शब्दांत झाला याचं हर्षालीला फार वाईट वाटलं. निदान एखादं भाषण तरी व्हायला हवं होतं.

सगळ्यांनी अर्धी रजा टाकली आणि चार वाजता चार्ज परत देणं-घेणं अशोकनगरात झालं. भोये मंडळी रिक्षाने आली, कारण मोटरसायकल जेलरोडलाच ठेवायची होती. आईने यादी काढून एकेक वस्तू मोजून दिली. पोळपाट, पातेली, बादल्या. कोंबड्या चार निघाल्या.

"तीन होत्या," आई म्हणाली.

"तीनच होत्या," सिंधूकाकू म्हणाल्या.

चौथी कुठून आली ते कुणालाच सांगता येईना. आईने 'एक जादा, कारण अज्ञात' असं लिहून सही घेतली.

आई स्कूटरवर पुढे निघाली. पप्पा, हर्षाली, दोन बॅगा आणि एक गाठोडं कोपऱ्यावर रिक्षाची वाट पाहत उभे राहिले. तेवढ्यात एक मोठी व्हॅन येऊन थांबली. तीच, राजूकाकांना लागणारी. शिंद्याहून आलेले दहा-बारा कामगार उतरले, दार सरकलं, आणि गाडी रिकामी झाली. ड्रायव्हर वाल्मीकभाऊंनी गाडी वळवली आणि काचेतून बाहेर पाहिलं.

"कुठं जायचंय?"

"जेलरोड."

"बसा मग. मी पळशालाच चाललोय, घरी. तुमच्यावरूनच जाणार."

"रिकामे?" हर्षालीने विचारलं.

"रोजच रिकामा जातो. साडेपाचनंतर गाडी माझी आन् मी गाडीचा. सोबतीला कोण? रेडिओ."

पप्पा मागच्या सीटवर बसले. महामार्गाला लागायच्या आत त्यांची मान खिडकीला टेकली. हर्षाली गाठोडं मांडीवर घेऊन त्यांच्याकडे पाहत राहिली. ही तीच झोप होती, जिला घाबरून आई रोज साडेसहापासून खिडकीत उभी राहायची. द्वारकेला गाडी वीस मिनिटं अडकली. हॉर्न, शिट्ट्या, कुणाचं तरी भांडण, आणि पप्पा तोंड उघडं टाकून झोपलेले. समोर एक कोथिंबिरीची हातगाडीसुद्धा होती. तिला काहीही झालं नाही.

हर्षाली उठून पुढे वाल्मीकभाऊंच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. दोघांमध्ये बरंच बोलणं झालं. बोलली अर्थात तीच, वाल्मीकभाऊ मधूनमधून 'बरं', 'चालंल' आणि 'थांब, सिग्नल सुटला' एवढंच म्हणाले. घरी येताच तिने राजूकाकांना फोन लावला.

"काका, तुम्ही गाडीत पुढे का बसत नाही? पुढे बसलं की लागत नाही."

"पुढची सीट सुपरवायझरची असती ताई. मान असतोय."

फोन बायडाबाईंनी ओढून घेतला. "कोणता सुपरवायझर? सोमवारी मी येते गाडीपाशी. बघते त्याचा मान."

रविवारी सकाळी आई सातवीचे पेपर तपासत बसली होती आणि पप्पा हॉलच्या मध्यभागी ट्रंक उघडून दोन शर्ट, दाढीचं सामान आणि एक पितळी तांब्या लावत होते. पप्पांनी विचारलं, "अगं, माझी गादी कुठंय? कॉटवर गादी आपली न्यावी लागते."

हर्षाली दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. तिने घसा साफ केला. आईने पेन खाली ठेवलं, कारण हा घसा वक्तृत्वाचा होता.

"मी एक निर्णय घेतलाय," हर्षाली म्हणाली.

"कसला? सायन्स की कॉमर्स?" पप्पांनी विचारलं.

"तुमच्याबद्दल. पप्पा, तुम्ही खोलीवर जायचं नाही. सकाळी बसने जायचं. उभं राहावं लागेल, पण सकाळी तुम्हाला झोप येत नाही, फक्त राग येतो, आणि रागाने कुणी पडत नाही. संध्याकाळी पावणेसहाला अशोकनगरच्या कोपऱ्यावर वाल्मीकभाऊ थांबतील. त्यांच्या गाडीत झोपून यायचं. दारात उतरवतील, मी बोललेय. मोटरसायकल आजपासून फक्त भाजीला. अर्धाच प्रश्न सुटलाय हे मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यावर माझं काम चालू आहे."

"अगं पण मी कॉटवाल्याला शब्द दिलाय," पप्पा म्हणाले.

"तो मी सकाळी परत घेतला. त्यांना म्हटलं, पप्पांकडे गादी नाहीये."

"आहे की! कुठंय ती?"

"गच्चीवर. मी धुतली."

आई उठून उभी राहिली. "कापसाची गादी धुतलीस?"

"बादलीत मावेना, म्हणून बाथरूममध्ये तुडवली. निवृत्तीआप्पांनी पिळायला मदत केली. ते म्हणाले, वाळायला दिवाळी उजाडेल." हर्षालीने ट्रंकेतला तांब्या उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि परत आली. "तोवर पप्पा, तुम्ही रोज घरीच झोपायचं. माझं ठरलंय."